सरव्याचा रकाना

अवकाशातल्या दुर्बिणीने काढलेले रंगीत फोटो वर्तमानपत्रात येतात, लोक ते कापून भिंतीला चिकटवतात, आणि मला राग येतो. फोटोंचा नाही. फोटो चांगलेच असतात. राग येतो तो "किती स्वच्छ, किती अचूक" या कौतुकाचा. कॅमेरा वर गेल्या दिवसापासून झिजायला लागलेला असतो, आणि तो किती झिजला हे कुणीतरी खाली बसून, डोळे फोडून, महिन्यामागून महिने मोजलेलं असतं. त्या माणसाचा फोटो कुणी छापत नाही. हे सगळं मी चारचौघांत तावातावाने बोलतो. लोक म्हणतात, सर फार तापट आहेत, पण तळमळीचे आहेत. तळमळ कसली, ते मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात, बोथच्या बाजूच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि इचोड्याला हमरस्त्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. नव्वदीची सुरुवात होती. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आईबापाची उभी हयात लोकांच्या शेतात कापूस वेचण्यात आणि ज्वारी सोंगण्यात गेली. बाप गेल्यावर आई माझ्याकडे आली, आणि तिच्या पाठोपाठ वर्षभरात माझी थोरली बहीण आली. तिला मी अक्का म्हणतो. तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली होती. अक्का एक ट्रंक घेऊन दुपारच्या बसने उतरली, घरात आली आणि आधी चुलीपुढचा केर काढला. नवऱ्याबद्दल मी बोलू लागलो की ती मला गप्प करायची. पंचांनी फैसला दिला होता तो असा: कापसाचा हंगाम उलगला, वेचणी संपली की अक्काने परत जावं, घरात राहावं, दुसरीला मदत करावी. मी म्हणालो, जायचं नाही, माझ्याकडे राहा. ती म्हणाली, "तुया भाकरीवर मी किती दिवस राहू? उद्या तुयी बायको येईन. मले माह्या हातचं काम पायजे. भेटलं तर राह्यतो, नाही तर जातो." हे सगळं याच एका गोष्टीवर अडलेलं होतं.

आता ते मोजायचं काम काय होतं ते सांगतो. पुण्यातल्या एका संस्थेतले एक मोठे शास्त्रज्ञ, त्यांना मी सर म्हणत असे, उन्हाळ्यात कॉलेजच्या मास्तरांसाठी वर्ग घ्यायचे. मी दोनदा गेलो होतो. परदेशी दुर्बिणीच्या कॅमेऱ्याच्या तपासणीचा एक लहानसा हिस्सा त्यांच्याकडे आला होता. त्या कॅमेऱ्यात फिल्म नसते, सिलिकॉनची चकती असते आणि तिच्यावर लाखो बारीक चौकोनी घरं आखलेली असतात. ताऱ्याचा उजेड ज्या घरावर पडतो तिथे विद्युतभार साठतो. मग तो मोजायचा कसा? मोजणी फक्त एका कोपऱ्यात होते. म्हणून अख्खी ओळ एक घर खाली सरकते, मग पुन्हा एक घर, असं करत करत प्रत्येक घरातला भार त्या मोजणीच्या दारापाशी पोचतो. दाराजवळच्या ताऱ्याला दहा-वीस घरं ओलांडावी लागतात, लांबच्या ताऱ्याला सातशे-आठशे. जमिनीवर हे ठीक चालतं. वर मात्र अवकाशातले कण चकतीवर सतत आदळत राहतात आणि तिच्यात अतिशय बारीक खड्डे पाडतात. सरकता सरकता थोडा भार त्या खड्ड्यात अडकतो आणि तारा पुढे निघून गेल्यावर मागे बाहेर पडतो. त्यामुळे लांबचा तारा दाराशी पोचेपर्यंत वाळलेला असतो. तारा तोच, उजेड तोच, पण आकडा खोटा. खड्डे महिन्यागणिक वाढतात. ते किती वाढले हे माहीत नसेल तर त्या कॅमेऱ्याच्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

म्हणून दर महिन्याला ताऱ्यांच्या एकाच पुंजक्याचा फोटो घ्यायचे. कधी दुर्बीण अशी फिरवायचे की मागच्या वेळी दाराजवळ असलेला तारा या वेळी लांबच्या टोकाला पडावा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत झालेली गळती. सरांकडे संगणक होता, पण मंद ताऱ्यांच्या बाबतीत त्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. तेव्हा आकड्यांनी भरलेल्या कागदांचा गठ्ठा पोस्टाने इचोड्याला यायचा. एका ताऱ्याला एक पान. सर पुण्यात पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि आम्ही विजेविना, दार उघडं ठेवून, बाहेर नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांच्या धुरळ्यात आकडे मांडणार. गठ्ठा पोस्टात आठ-आठ दिवस पडून राहायचा. एकदा पोस्टमास्तरने तो तेलुगू शाळेचे पेपर समजून भलत्याच गावी पाठवला. मी त्याच्या खिडकीवर जाऊन इतका ओरडलो की तो शेवटी मला चहा पाजून मोकळा झाला.

पहिले दोन गठ्ठे मी स्वतः केले. मग परीक्षांचे पेपर आले आणि मी ते काम अक्कापुढे सरकवलं. ती सातवी शिकलेली, बेरीज-वजाबाकी पक्की. मी तिला एवढंच दाखवलं: पानावर सगळ्यात मोठा आकडा शोध, तो तारा. त्याच्या भोवतीची आठ घरं धर, नऊंची बेरीज कर. लांबच्या रिकाम्या घरांवरून आभाळाचा आकडा काढ आणि वजा कर. आलेलं उत्तर या वहीत लिही, तारा दारापासून किती घरं लांब आहे तेही लिही; दार पानाच्या खालच्या अंगाला, आकडे तिकडे सरकतात. बस. चकती, भार, खड्डे, यातलं काही मी तिला सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं मला वाटलं होतं. हे वाक्य लिहितानासुद्धा मी स्वतःवर दात खातो.

ती रोज सकाळी भाकरी झाल्या की बसायची. एकच जागा, एकच लाल पेन्सिल, आणि प्रत्येक बेरीज दोनदा, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. वेचणीच्या दिवसांत ती सकाळी शेतावर जायची आणि दुपारच्या उन्हातून येऊन पानं घ्यायची. महिन्याच्या शेवटी मी तिच्या वहीतली शेवटची यादी उतरवून पुण्याला पाठवायचो. वहीची आतली पानं मी चार महिने उघडून बघितली नाहीत.

चार महिन्यांनी बघितली, तर तिथे तिसरा रकाना. पट्टीने नीट आखलेला, वर मथळा: सरवा.

तेलंगणाच्या या टोकाला ज्यांनी दुसऱ्याच्या शेतात राबून दिवस काढले त्यांना हा शब्द सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. पीक निघून गेल्यावर शेतात जे मागे राहतं, पडलेली कणसं, बोंडात अडकून राहिलेला कापूस, तो सरवा. मालकाने रान सोडलं की मजुरांच्या बायकांनी तो वेचायचा आणि तो त्यांचा. कोणत्या बाईच्या तासाला, म्हणजे वेचणीच्या ओळीला, जास्त सरवा राहतो हेही बायकांना ठाऊक असतं. जी भराभर हात मारत पुढे जाते तिच्या मागे.

मी विचारलं, हे काय आहे? अक्का म्हणाली, लांबच्या ताऱ्यांच्या वरच्या अंगाला चार-पाच घरं आभाळापेक्षा थोडी भरलेली असतात. दोन, तीन, कधी चारने. खालच्या अंगाला नसतात, बाजूला नसतात. जवळच्या ताऱ्यांना तर नसतातच. एकदोन पानांवर दिसलं तेव्हा तिने सोडून दिलं, पण मग सगळ्याच पानांवर दिसायला लागलं. "हे आकडे खालतं चालून राह्यले नं? दार खालतं हाय म्हणतोस. मंग जे मांगं राह्यलं ते वरतंच दिसन. मी ते येगळं लिवून राह्यली."

मला तेव्हा अभिमान वाटायला हवा होता. मला राग आला. ती न सांगता पुढे गेली याचा, आणि मी शिकलेला असून मला ते दिसलं नव्हतं याचा त्याहून जास्त. मी आवाज चढवला. तो भार ताऱ्याचाच असेल तर ताऱ्यात मिळव ना, वेगळा कशाला ठेवतेस? चार महिन्यांचं काम चुकीचं केलंस. सगळं मिळवून नव्याने लिही.

ती म्हणाली, नाही. सरवा मालकाच्या राशीत टाकत नसतात.

मी म्हणालो, हे शेत नाही. तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली. माझ्या जन्माआधीची, ती आठेक वर्षांची असतानाची. रान सुटलं असं समजून आईने दिवसभर सरवा वेचला. संध्याकाळी मालक बांधावर आला आणि म्हणाला, मी अजून सोडलं नव्हतं. आईला त्याने लुगड्याच्या खोचलेल्या ओट्यातला कापूस त्याच्या ढिगावर ओतायला लावला. अक्का म्हणाली, ओतल्यावर कोणता आपला आणि कोणता त्याचा ते कोणालाच सांगता येईना. मी रडत होती आणि आई म्हणे चाल घरी. एवढं सांगून तिने वही ओढून घेतली आणि पुढची बेरीज धरली. मी म्हणालो, कर तुला काय करायचं ते. पुण्याला मी आधीसारखेच दोन रकाने पाठवत राहिलो.

दिवाळीनंतर सरांचं पत्र आलं. लांबचे तारे दर महिन्याला जास्त मंद होत चालले होते, हे आमच्या आकड्यांवरून त्यांना दिसलं होतं. पण हरवलेला भार जातो कुठे? खड्ड्यात कायमचा राहतो की मागून निघतो? संगणकाची आज्ञावली ताऱ्यामागची ती पुसट शेपूट आभाळ समजून वजा करून टाकत होती. सगळ्या महिन्यांच्या शेपट्या एकाच माणसाने, एकाच पद्धतीने मोजलेल्या हव्यात, म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, एक वर्ष तरी वाया जाईल, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी पत्र हातात घेऊन अक्काची वही उघडली. सगळ्या महिन्यांच्या शेपट्या तिथे होत्या, मी केलेल्या पहिल्या दोन गठ्ठ्यांच्याही; ती पानं तिने मागाहून पुन्हा मोजली होती. एकाच हाताने मोजलेल्या, न चुकता, महिन्यागणिक थोड्याथोड्या वाढत गेलेल्या. माझं ऐकून तिने ते ताऱ्यांत मिसळलं असतं तर लांबचे तारे भरल्यासारखे दिसले असते आणि कॅमेऱ्याचं दुखणं झाकलं गेलं असतं. तिने चूक केली म्हणून ते शिल्लक होतं.

सरांना कळवलं की शेपट्या मोजलेल्या आहेत. उलट टपाली बोलावणं आलं: वही घेऊन या. आणि खाली एक ओळ होती. या मोजणीसाठी वर्षभराची एक मदतनिसाची जागा देता येईल, कामाचं ठिकाण तुमच्याकडेच, काम आधीपासून करणारं कुणी असेल तर शिक्षणाची अट मी शिथिल करून घेईन.

मी ती ओळ अक्काला वाचून दाखवली. तिने ती पुन्हा वाचायला सांगितली. मग तिने वहीला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, आईला म्हणाली आता सासरी निरोप पाठव की मी येत नाही, आणि लगेच म्हणाली, थांब, याला जाऊन येऊ दे.

नांदेडमार्गे पुण्याला पोचायला दीड दिवस लागला. लांब टेबलाभोवती सहा-सात जण बसले होते. चहाच्या वेळी एकाने विचारलं होतं, आदिलाबाद म्हणजे आंध्र ना, मग तुम्ही मराठी कसे काय बोलता? दुसरा म्हणाला, बोलतात, पण जरा गंमतशीर बोलतात. मी हसलो आणि आतून पेटलो. अशा पेटलेल्या डोक्याने मी टेबलाशी बसलो, हे मी स्वतःला हजारदा सांगून बघितलं आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

सरांनी वही उघडली. पानं उलटत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी वही फिरवून सगळ्यांना दाखवली. कुणीतरी मथळा वाचला. "सरवा? म्हणजे गरीब लोक शेतात उरलंसुरलं वेचतात ते?" एकजण हसला. वाईट हेतूने नसेल हसला. पण माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आता मी खरं सांगितलं तर त्या टेबलावर काय ठेवावं लागेल ते मला दिसलं: आईचा ओटा, बहिणीची सातवी, नवऱ्याने टाकलेली बाई, आमचं सगळंच.

सर म्हणाले, "हा रकाना वेगळा ठेवायची कल्पना कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"आणि ही मोजणी?"

"मीच केली."

सरांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, मला वाटलं होतं तुमच्याकडे कुणी मदतीला आहे. तुम्ही एकटेच इतकं नेटकं करत असाल तर मदतनिसाची काय गरज? ती जागा मग इथे आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाला देऊन टाकतो. मी मान डोलावली. त्यानंतर जेवण झालं, पुन्हा चहा झाला, सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. तोंड उघडायला मला संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी उघडलं नाही.

परतीच्या वाटेवर मी सगळ्यांवर चिडलो. त्या हसणाऱ्यावर, सरांवर, अक्काच्या नवऱ्यावर, पंचांवर, नांदेडच्या स्टँडवर सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या कंडक्टरवर. घरी पोचलो तेव्हा अक्का दारातच उभी होती. मी म्हणालो, मंजूर नाही झालं.

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. मग विचारलं, "तो रकाना कोणं केला म्हणून इचारलं का त्याइनं?"

"नाही विचारलं," मी म्हणालो.

हंगाम उलगला आणि ती गेली. गोदावरीच्या अलीकडे, बासरच्या वाटेवरच्या तिच्या सासरी. जाताना तिने मला पानं कशी धरायची, आभाळाचा आकडा कुठल्या घरांवरून काढायचा आणि दोनदा बेरीज का करायची हे पुन्हा समजावलं. मी पुढे तीन वर्षं तिच्याच पद्धतीने मोजणी केली. कॉलेजने माझा सत्कार केला. त्या सत्कारातही मी रागावून बोललो, विज्ञानात खालच्या माणसाची कदर होत नाही म्हणून. टाळ्या पडल्या.

पाचव्या वर्षी आई आजारी पडली म्हणून अक्का आठ दिवसांसाठी आली. खरं तर तिचे केस पांढरे होण्याचं वय नव्हतं, पण झाले होते. टेबलावर पुण्याहून आलेला छापील लेख पडला होता. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आत एक तक्ता होता, आणि आकडे सगळ्यांना वाचता येतात. ती उभ्या उभ्या तो बघू लागली. मग खाली बसली आणि ओळीओळीवरून बोट फिरवत गेली.

"हे माह्या हातचे हायेत," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

"छापले त्याइनं." तिला बरं वाटलं होतं. मग ती मलाच समजावायला लागली. "तेव्हा इचारलं असतं तर तू सांगतलंच असतं. नाही इचारलं, तू तरी काय करशीन."

मला ते ऐकवेना. पाच वर्षं जे मी जगावर ओरडून दाबत आलो होतो ते ती इतक्या सहज माझ्यावरून काढून घेत होती. मी म्हणालो, "विचारलं होतं, अक्का. दोनदा विचारलं होतं. मी माझं नाव सांगितलं. जागा तुझ्यासाठीच होती, मी नको म्हणालो."

आतल्या खोलीत आईने पाणी मागितलं. अक्का उठली, आईला पाणी देऊन आली आणि पुन्हा माझ्यासमोर बसली. तिने आवाज चढवला नाही.

"त्या घरी मी त्या दुसरीच्या तिन्ही लेकरायचं बाळंतपण केलं," ती म्हणाली. "परत्येक खेपेला वाटे का आपल्याले दुसरं कायीच येत नसन, म्हणून इथं हाओ."

रविवारी तिची परतीची बस होती. मी ट्रंक उचलायला गेलो तर तिने ती माझ्या हातून घेतली आणि स्वतःच स्टँडपर्यंत नेली.